पायांनी मोजलेला तालुका

खेड स्टेशनावर सकाळी उतरलो, मालडब्यातून सायकल सोडवून घेतली आणि दापोलीचा रस्ता धरला. दुपारी दापोलीत जेवलो. तिथून पुढे आसूदचा उतार लागला आणि चाकं आपोआप धावायला लागली. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर आहे. ही सगळी उंची पंधरा-सोळा किलोमीटरांत सोडून द्यायची आणि हर्णैच्या वाळूशी जाऊन थांबायचं. वारा कानात भरला होता आणि डोळे फक्त पुढच्या वळणावर होते. उतार कधी संपला ते कळलं नाही, वाटेत काय होतं तेही कळलं नाही. एका वळणावर माडांच्या शेंड्यांवरून समुद्राची निळी पट्टी वर आली आणि तिच्या मधोमध सुवर्णदुर्गाचा तट काळ्या रेघेसारखा दिसला, तेवढं मात्र लख्ख आठवतं.

हर्णैला ज्यांच्या घरी उतरलो त्या काकूंनी चहाबरोबर पहिला प्रश्न विचारला, "उद्या कुठे?"

"मुरूड, कर्दे. जमलं तर वाळूवरूनच जाईन म्हणतो."

त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं. "उद्या वद्य चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती, नऊला ओहोटी. नऊच्या सुमारास वाळूवर उतरा, कडक वाळू मिळेल. आणि संकष्टी आहे हो उद्या, मासे नाहीत मिळायचे."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणच्या किनाऱ्यावर लहान मुलालाही ठाऊक असतं. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो आणि समुद्र त्याच्या मागोमाग चालतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. दुसऱ्या दिवशी नऊला मुरूडच्या वाळूवर सायकल घातली तेव्हा ती ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट होती आणि टायरची जेमतेम एक बारीक रेघ उमटत होती.

याआधीच्या सायकलप्रवासांत मी रोज एक गाव मागे टाकून पुढच्या गावी मुक्काम केला होता. या वेळी ठरवून तसं केलं नाही. सामानाच्या पिशव्या हर्णैच्या खोलीत ठेवायच्या, रोज पहाटे हलक्या सायकलवर वेगळ्या दिशेला निघायचं आणि संध्याकाळी परत समुद्राशी यायचं. चार दिवस, चार रस्ते. एकाच गावी पुन्हा पुन्हा परत आलं की ते गाव कशाकशाला जोडलेलं आहे ते उमगतं.

पहिला रस्ता सगळ्यात सोपा, म्हणून पायांना सवय व्हायला बरा. हर्णैच्या किनाऱ्यावर जमिनीवरचे तीन छोटे किल्ले आहेत: गोवा किल्ला, फत्तेगड आणि कनकदुर्ग. हे तिघं समोरच्या पाण्यातल्या सुवर्णदुर्गाचे पाठराखे. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे. तिथे उभं राहिलं की एका बाजूला बंदर आणि पाजपंढरीची कोळ्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला मुरूडकडे वळत गेलेला किनारा आणि समोर किल्ला. कान्होजी आंग्र्यांची कारकीर्द या किल्ल्यावर वाढली. पुढे १७५५ साली पेशवे आणि इंग्रज तुळाजी आंग्र्यांविरुद्ध एक झाले आणि कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. तो वारल्यावर त्याच्या पत्नीने लंडनजवळच्या एका टेकडीवर १७८४ साली त्याच्या स्मरणार्थ बुरूज बांधला आणि त्याला या किल्ल्याचंच नाव दिलं. इंग्रजी जिभेवर सुवर्णदुर्गाचं 'सेव्हर्नड्रूग' झालं, पण तो बुरूज अजून उभा आहे. आणि २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हा पाण्यातला किल्ला आहे. कनकदुर्गाच्या कठड्याशी सायकल टेकवून मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. तटाच्या भिंती खडकातून उगवल्यासारख्या वाटतात, कारण त्यांचा पाया खरोखरच त्या खडकात आहे.

मुरूड हे एका सरळ रस्त्याचं गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं, घरांमागे नारळी-पोफळीची आगरं, आणि एका बाजूच्या आगरांपलीकडे समुद्र. जांभ्याच्या गडग्यांमधून पाटाचं पाणी खेळतं. या आगरांकडे पाहताना ३ जून २०२० विसरता येत नाही. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. एका आगरात शिंपणं करणाऱ्या गृहस्थांनी मला आत बोलावलं. वादळानंतर लावलेली रोपं आता पुरुषभर उंच झाली होती. "नारळ लावायचा तो नातवासाठी म्हणतात," ते म्हणाले. "आम्ही आजोबांचं खाल्लं, ते वादळात गेलं. आता परत पहिल्यापासून." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी शहाळं फोडून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं गाव. गावात त्यांचा पुतळा आहे. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. पुढे विधवांसाठी आश्रम, १९१६ साली महिला विद्यापीठ, १९५८ साली भारतरत्न, हे आपण शाळेत शिकतो. मला मात्र पुतळ्यापुढे त्यांची एक वेगळी गोष्ट आठवत होती. सतरा वर्षांचे असताना एका सरकारी परीक्षेला बसायला ते सोबत्यांबरोबर इथून साताऱ्याला चालत गेले. शंभराहून जास्त मैल, मधे सह्याद्री, आणि वर पाऊस. तिथे पोचल्यावर या लहानखुऱ्या मुलाचं वय सतरा दिसत नाही म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. तेवढंच अंतर त्यांना तसंच परत यावं लागलं.

सायकलवर बसलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी लागते. गाडीतून शंभर मैल म्हणजे एक सकाळ. सायकलवर ते दोन दिवस, आणि त्यातला प्रत्येक चढ मांड्यांत उतरतो. चालत गेलं तर? तो आकडा पायांत आला की त्या मुलाच्या परतीच्या वाटेचा विचार करवत नाही.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर लिलाव पाहिला. होड्या खोल पाण्यात नांगरून माल काठावर आणायचा, ही इथली जुनी रीत. बैलगाड्या थेट पाण्यात शिरायच्या आणि बैलांच्या पोटापर्यंत लाटा यायच्या. वाळूवर मासळीचे ढीग लागतात, भोवती माणसांचं कडं जमतं, आणि बोली इतक्या भराभर चढते की बाहेरच्या माणसाला कोणी काय म्हटलं तेही उमजत नाही. कोळंबी, म्हाकूल, सुरमई, पापलेट, मांदेली. टोपल्या भरतात, बर्फ पडतो, टेम्पो निघतात. मासळीचा रस्ता बंदरावरून वर दापोलीकडे जातो, आणि पूर्वीपासून तसाच जात आला आहे. तेव्हा ते वाक्य मी वहीत नुसतं लिहून ठेवलं. त्याचा अर्थ चौथ्या दिवशी कळला.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला, केळशीला. सुमारे पंचवीस किलोमीटर. वाऱ्याचा हिशोब करून मी हा क्रम ठरवला होता. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. तो थंड आणि मंद असतो, सायकलला जाणवतही नाही. ऊन तापलं की अकराच्या पुढे खारा वारा सुटतो, आणि या किनाऱ्यावर दुपारी तो वायव्येकडून येतो. म्हणून उत्तरेला जायचं ते सकाळी, म्हणजे परतीला वारा पाठीशी. दक्षिणेला जाणाऱ्याने मात्र लवकर निघावं, कारण परतताना तो तोंडावर येणार. हर्णैच्या होड्या शिडाच्या होत्या तेव्हा त्यांचा दिवस याच दोन वाऱ्यांवर बेतलेला असे.

नकाशात किनाऱ्याचा रस्ता सरळ दिसतो. नकाशा फसवत नाही, पण तो सगळं सांगत नाही. सह्याद्रीपासून समुद्र इथे जेमतेम दीड-दोन दिवसांच्या चालीवर आहे. डोंगरातून निघालेल्या नद्या पश्चिमेला धावतात आणि मुखाशी खाडी होऊन पसरतात. दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा सडा, वर सपाट आणि कडेला उभा. म्हणजे किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता प्रत्येक खाडीशी खाली उतरतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. वस्ती खाली पाण्याशी, रस्ता वर कातळावर. दिवसभर समुद्राच्या कडेने गेलात तरी पायांना घाटच लागतो.

आंजर्ल्याशी जोग नदीची खाडी आहे. आता पूल झाला आहे. पूर्वी इथे तर होती, होडीतून पलीकडे जायचं. पूल ओलांडताना मी सायकल हातात धरून चाललो. खाली ओहोटीचा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर पांढरे बगळे अंतराअंतराने उभे होते. कड्यावरच्या गणपतीचा चढ छातीवर येतो. उजव्या सोंडेच्या गणपतीचं हे जुनं देऊळ सड्याच्या अगदी टोकाला आहे. मागे वळून पाहिलं की माडांचा हिरवा पट्टा, वाळूचा पिवळा, लाटांचा पांढरा आणि त्यापलीकडे हर्णैचं बंदर. इथल्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने शेजारच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला या कासवांच्या रक्षणाचं काम सुरू केलं. आता या किनाऱ्याच्या कितीतरी गावांत ते पसरलं आहे. ज्या अंड्यांची पूर्वी चोरी व्हायची, त्यांची आता गावकरी जाळी लावून राखण करतात. एखाद्या गावाने आपली सवय अशी बदलणं सोपं नसतं.

पाडले आणि आडे या दोन गावांमधला रस्ता मला या चार दिवसांत सगळ्यात जास्त आवडला. इथे रस्ता खरंच समुद्राच्या हाताशी येतो. डावीकडे लाटा, उजवीकडे सुरू आणि माड, आणि बराच वेळ दुसरं वाहन नाही. सायकलच्या साखळीचा आणि लाटांचा आवाज एकमेकांत मिसळत होता. आड्याच्या भार्गवरामाला नमस्कार करून निघालो आणि उटंबरचा डोंगर समोर आला. पुढचं सगळ्यात लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं, याहून हलका गिअर सायकलला नसतो. त्याच गिअरवर मी तो चढ चढलो. वेग माणसाच्या चालीइतकाच होता. आंब्याला मोहोर आला होता आणि चढावर श्वास मोठा होतो, त्यामुळे तो वास पोटापर्यंत उतरत होता.

केळशी भारजा नदीच्या मुखाशी वसलेली आहे. महालक्ष्मीचं घुमटांचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा, घरांमधून जाणाऱ्या दगडी पाखाड्या आणि दुपारी बाराला पडवीत डुलक्या घेणारी माणसं. खाडीच्या तोंडाशी वाळूची एक मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला, आणि एखाद्या प्रचंड सागरी लाटेने ही वाळू इथे आणून टाकली असावी असं मांडलं. टेकडीवर बसून मी डबा खाल्ला: तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि लोणच्याची फोड. परतताना वायव्येचा वारा पाठीला लागला आणि आड्याची वाळू डाव्या हाताची उजव्या हाताला आली.

तिसरा दिवस दाभोळचा, दक्षिणेचा. अंधारातच निघालो. कर्द्यापुढे रस्ता डोंगरावर चढून लाडघरला उतरतो. तिथलं पाणी तांबूस दिसतं म्हणून त्या जागेला तामसतीर्थ म्हणतात. बुरोंडीला परशुरामाचा भव्य पुतळा आहे. ज्याने बाण मारून समुद्र मागे हटवला तो देव या उंचीवरून आपली भूमी पाहतो. पुढे कोळथरे, पंचनदी, आणि प्रत्येक गावाआधी एक उतार, प्रत्येक गावानंतर एक चढ.

दाभोळला पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. आज या धक्क्यावर बसलेल्याला हे केवढं मोठं बंदर होतं याची कल्पना येणार नाही. बहमनी काळात अरबस्तान-इराणची गलबतं इथे लागत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी हिंदुस्थानात भटकून मायदेशी परतायला याच बंदरातून जहाजात बसला. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने हे शहर जाळलं. त्यानंतरही ते पुन्हा उभं राहिलं, आणि आदिलशाही काळातली घुमटाची मशीद धक्क्यापासून जवळच आजही उभी आहे. तिच्या अंगणात एक वृद्ध चाचा बसले होते. सायकल पाहून त्यांनी विचारलं, "हर्णैवरून? यावर?" मग म्हणाले, "माझे वालिद जहाजावर होते. ते म्हणायचे, दाभोळचा माणूस बसऱ्याला वल्हवत गेला तरी दमत नाही, पण दापोलीला चढून जायचं म्हटलं की दमतो."

समोर वाशिष्ठीचं रुंद पात्र, पलीकडे धोपावे आणि गुहागरचा रस्ता. मोटारी, टेम्पो, माणसं सगळ्यांना पोटात घेऊन फेरीबोट पाणी ओलांडते. इथले लोक तिला जंगलजेटी म्हणतात. दक्षिणेला जाणाऱ्या सायकलस्वाराला ती वरदान आहे, कारण खाडीला वळसा घालायचा तर चिपळूण गाठावं लागेल. मला परत फिरायचं होतं. तिला नुसतं येता-जाताना पाहिलं आणि निघालो.

पंचनदीच्या चढावर मागच्या गिअरची तार तुटली. तार तुटली की साखळी आपोआप सगळ्यात लहान चक्रावर जाऊन बसते, म्हणजे सगळ्यात जड गिअर. सुटी तार हर्णैच्या खोलीत, पिशवीत. तोंडावर वारा, दुपारचे दोन. सपाटीवर सायकल चालवायची आणि चढ आला की उतरून ढकलायची, दुसरा उपाय नव्हता.

त्या दुपारी मी जे पाहिलं ते तार शाबूत असती तर दिसलं नसतं. सायकल ढकलत चालताना लक्षात आलं की डांबरी रस्ता जिथे लांब वळण घेतो, तिथे गडग्याच्या फटीतून जांभ्याच्या पायऱ्या सरळ वर जातात. ती पाखाडी. वर गेल्यावर ती पुन्हा रस्त्याला छेदते आणि पलीकडच्या झाडीत शिरते. मोटारीच्या इंजिनाला सौम्य चढ लागतो म्हणून रस्ता वळसे घेतो. चालणाऱ्या माणसाला कमी अंतर लागतं म्हणून पाखाडी नीट चढते. एकाच डोंगरावर दोन काळांचे दोन रस्ते एकमेकांवर रेघोट्यांसारखे ओढून ठेवलेले आहेत. पाखाडीच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या होत्या. दगड असा झिजायला किती पावलं पडली असतील!

अंधार पडल्यावर हर्णैला पोचलो. काकूंनी काही न विचारता गरम पाण्याची बादली पुढे केली आणि रात्री बांगड्याचं तिखलं वाढलं. जेवण झाल्यावर मी अंगणात सायकल उलटी करून नवी तार घातली. किनाऱ्यावर सायकल चालवणाऱ्याने दोन गोष्टी विसरू नयेत. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने सायकल धुवावी आणि कोरडी करून साखळीला तेल द्यावं, कारण खाऱ्या हवेत एका रात्रीत गंज धरतो. आणि सकाळी निघण्याआधी ब्रेकची रबरं पाहावीत. जांभ्याची लाल धूळ बसली की ती झपाट्याने झिजतात, आणि इथला प्रत्येक रस्ता शेवटी पाण्याकडे उतरतो.

चौथ्या दिवशी समुद्राकडे पाठ केली. आसूदला थांबून केशवराजाला गेलो. पोफळीच्या वाडीतून उतरायचं, पऱ्यावरचा साकव ओलांडायचा आणि दगडी पायऱ्यांनी वर जायचं. देवळाच्या अंगणात गोमुखातून पाणी पडतं. जवळच गारंबी आहे, श्री. ना. पेंडशांच्या 'गारंबीचा बापू'मधली. पेंडसे याच परिसरातल्या मुर्डीचे. ही कादंबरी मी कॉलेजात वाचली होती, पण तिच्यातली माणसं इतकी चिवट का, ते मला या पायऱ्यांवर कळलं. इथे पाणी आणायचं तरी चढायचं, देवाला जायचं तरी चढायचं.

आसूदपासून दापोलीपर्यंतचा तो चढ, जो येण्याच्या दिवशी वाऱ्यासारखा उतरून आलो होतो, तो आता उलट्या बाजूने समोर होता. अर्ध्या वाटेत श्वास पुरेना. वळणावर एक वड दिसला, बुंध्याशी जांभ्याचा सपाट दगड. सायकल लावली आणि बसलो. दगड कमरेच्या उंचीचा होता आणि वरून गुळगुळीत झालेला. सावलीत मासळीची पाटी घेऊन एक बाई एसटीची वाट पाहत उभी होती. पन्नाशीची असेल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसली.

"बरोबर जागा धरलीस, दादा."

"का हो मावशी?"

"माझी आये हितंच पाटी टेकवायची. हर्णैवरनं डोक्यावर पाटी घेऊन दापोलीच्या बाजारात जायची, गाड्या नव्हत्या तवा. खाली बसली तर परत पाटी उचलायला दुसरा माणूस लागतो. म्हणून उभ्यानंच टेकायचा दगड. समद्या बायका हितंच थांबायच्या. मीपण लहान असताना आलेय तिच्यासंगं."

"आणि पुढे कुठे थांबायच्या?"

"पुढं नाय. हितं थांबल्या की थेट दापोली."

एसटी आली. कंडक्टरने हात देऊन पाटी वर घेतली आणि बाई गेली. मी दगडावरून हात फिरवत बसून राहिलो. कोणी सांगितलं नव्हतं, फलक लावलेला नव्हता, नकाशात खूण नव्हती. माझ्या फुप्फुसांनी जिथे हार मानली, तिथेच त्या बायकांच्या माना थकत होत्या. डोंगर तोच, चढ तोच, म्हणून थांबा तोच.

दापोलीत ब्रिटिशांनी छावणी केली होती, म्हणून म्हातारी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. डॉ. आंबेडकरांच्या बालपणाचा काही काळ इथे गेला. भारतरत्न पां. वा. काणे इथल्या मिशन शाळेत शिकले. आणि पालगडचे साने गुरुजीही इथेच शिकले. 'श्यामची आई' वाचलेल्या प्रत्येक मराठी माणसाला दापोलीहून पालगडला घरी चालत जाणारा श्याम माहीत असतो. तो रस्ता वीसेक किलोमीटरांचा आहे. मी तो सायकलवर गेलो, वर-खाली, वर-खाली, सड्यावरून पऱ्यात आणि पऱ्यातून सड्यावर. पालगडला गुरुजींचं घर स्मारक म्हणून जपलं आहे. ओटीवर बसलो. माजघरात सावली होती, परसात बावीचं पाणी चमकत होतं. आई घरी आहे म्हणून एक मूल इतकं अंतर चालत येतं, ही गोष्ट मी लहानपणी वाचताना फक्त मायेची समजत होतो. आज त्यातल्या अंतराची किंमत कळली.

या एका तालुक्यात किती माणसं किती चालली! परीक्षेसाठी साताऱ्याला निघालेला कर्व्यांचा धोंडू, आईकडे निघालेला श्याम, पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या हर्णैच्या बायका. काहींची नावं पुस्तकांत आली, बाकीच्यांची दगडात झिजून राहिली. मोटार आली आणि अंतरं संपली. ती संपायलाच हवी होती. डोक्यावरची पाटी उतरली याचं कोणाला वाईट वाटेल? पण अंतरांबरोबर त्यांची ओळखही पुसली जाते. सायकल ती ओळख परत देते, कारण तिच्यावर बसलेला माणूस पायांनीच मोजत असतो. कुठे दम लागतो, कुठे सावली आहे, कुठे पाणी मिळतं, हे या रस्त्यांनी जे शेकडो वर्षं सांगितलं, ते सायकलस्वाराला आजही ऐकू येतं. ज्यांना हे ऐकायचं असेल त्यांनी या किनाऱ्याच्या कुठल्याही गावी चार दिवस राहावं, सामान खोलीत ठेवावं आणि रोज एका दिशेला जाऊन यावं. फार लांब जायची गरज नाही.

पालगडहून दापोलीला परतलो तेव्हा साडेचार वाजले होते. शेवटचा उतार राहिला होता. त्या दिवशी सप्तमी, म्हणजे सव्वापाचला भरती. हर्णैला होड्या काठाजवळ येत असतील. उतार लागला, चाकं सुटली, कानात वारा भरला. पाय थकले नव्हते, श्वास नीट होता, घरी पोचायची घाईही होती.

वडाचं वळण आलं. मी दोन्ही ब्रेक दाबले, रस्त्याच्या कडेला उतरलो आणि सायकल त्या दगडाला टेकवली.